मोडाची ज्वारी

ज्या हिवाळ्यात मका मिळेनासा झाला, त्या हिवाळ्यात आमच्या फीड मिलच्या फाटकात पहिल्यांदा ज्वारीचा ट्रक येऊन उभा राहिला. साधारण त्याच सुमारास सासूबाई कायमच्या म्हणून आमच्या कामोठ्याच्या घरी राहायला आल्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध येईल असं तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हतं.

मी कोंबडीखाद्याच्या मिलमध्ये पोषणाचं काम बघते. कळंबोलीच्या लोखंडबाजाराच्या मागून, उभ्या ट्रकांमधून वाट काढत गेलं की आमची मिल लागते. कोणत्या वयाच्या कोंबडीला काय आणि किती लागतं, त्यासाठी मका किती, सोयापेंड किती, शिंपल्यांचा चुरा किती, हे ठरवायचं आणि आलेला माल तपासायचा, एवढं माझं काम. मिलचे मालक इथल्याच खाडीकाठच्या गावचे, आगरी. वडिलांची भातशेती नव्या शहरात गेली तेव्हा त्यांनी इमारतीही बांधल्या आणि ही मिलही टाकली. सगळे त्यांना शेठ म्हणतात, मीही.

ट्रक आला त्या दिवशी शेठ मूठभर ज्वारी घेऊन माझ्या प्रयोगशाळेत आले आणि टेबलावरच ओतली.

"म्याडम, मका गावत नाय. गावला तं परवडत नाय. समदा इथेनॉलवाले उचलतान. ही चालंल का?"

"चालेल. पण मक्यासारखी चालणार नाही."

"म्हंजे?"

शेठना समजावून सांगायला मला आवडतं, कारण ते मान डोलवत नाहीत. कळलं नाही तर कळलं नाही म्हणतात. मी सांगितलं की ज्वारीतला पिठूळ भाग एका चिवट प्रथिनाच्या जाळीत अडकलेला असतो. कोंबडीच्या पोटात ती जाळी नीट सुटत नाही, म्हणून दाणा पोटात जाऊनही अंगी लागायचा तेवढा लागत नाही. लाल ज्वारीत वर टॅनिन, म्हणजे चहासारखा तुरट अंश. तो असला की पचन आणखी बिघडतं. आणि तिसरी गोष्ट, मक्यात पिवळा रंग असतो तो ज्वारीत नाही.

"रंगाचा काय घेऊन बसल्याव," शेठ म्हणाले. "आपल्याला काय कोंबरीचा लगीन लावाचा हाय?"

मी हसले आणि कामाला लागले. टॅनिनची परीक्षा सोपी असते. दाणे ब्लीच आणि कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून धुवायचे. टॅनिनवाला दाणा कोळशासारखा काळा पडतो, बिनटॅनिनचा पांढरा राहतो. त्या मुठीतले दाणे बहुतेक पांढरेच राहिले. लाल मिसळ थोडी होती. मी लिहून दिलं की लाल माल घेऊ नका, पांढरा घ्या, आणि आधी एखाद्या छोट्या शेडमध्ये खाऊ घालून बघू.

नमुन्याची एक पुडी माझ्या पर्समध्ये राहिली होती. संध्याकाळी घरी डबा काढताना ती ओट्यावर पडली. सासूबाईंनी उचलली, दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली धरला.

"पावसात सापडलेली हाय," त्या म्हणाल्या. "कुणी दिली?"

"मिलमध्ये आलीय, आई. कोंबड्यांना घालायचीय."

"कोंबड्यांना ज्वारी?" त्यांनी पुडी परत बांधून ठेवली आणि पुढे काही बोलल्या नाहीत.

त्या काही बोलत नव्हत्या, हीच तेव्हा आमच्या घरची अडचण होती. सासरे भाद्रपदात गेले. सोलापूरकडचं घर, थोडं शेत, सगळं चुलतदिरांकडे सोपवून माझा नवरा आईला इकडे घेऊन आला. तो बेलापूरला सरकारी कार्यालयात. सकाळी जातो, अंधार पडल्यावर येतो. मी मिलमध्ये. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सासूबाई दिवसभर एकट्या. सकाळी भाकऱ्या थापायच्या, मग बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचं. खाली रस्ता, समोर दुसरी इमारत. शेजारणी बोलवायच्या, त्या एकदा गेल्या आणि परत गेल्या नाहीत. माझ्याशी त्यांचं भांडण कधीच नव्हतं. पण लग्नाला एवढी वर्षं होऊनही आम्ही दोघी पाहुण्यांसारख्याच वागायचो. जेवताना एकदा त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगून टाकलं, "वर्षश्राद्ध झालं की मी तिकडंच राहीन." त्याने ताटातून मान वर केली नाही. मी ताट उचलून आत गेले.

खाद्याच्या परीक्षेसाठी शेठनी त्यांच्या थोरल्या बहिणीची शेड सुचवली. गाव आमच्या घरापासून रिक्षाने दहा-बारा मिनिटांवर. आता त्याला गाव म्हणायचं ते फक्त देवळामुळे आणि आडनावांमुळे. चहूबाजूंनी टॉवर उभे आहेत आणि डोक्यावरून विमानं जातात. शेठच्या बहिणीला सगळं गाव आत्या म्हणतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलांनी बांधलेल्या इमारतीच्या मागे एक लांबट मोकळा तुकडा उरला होता, तिथे पत्र्याची शेड घालून त्यांनी अंड्यावरच्या कोंबड्या पाळल्या होत्या. त्यावर त्यांचं पोट नव्हतं. "बसून काय कराचा?" एवढंच त्या म्हणायच्या. टॉवरमधल्या बायका येऊन अंडी घेऊन जात.

आत्या पहिल्या भेटीत माझ्याशी फार बोलल्या नाहीत. भावाने सांगितलंय म्हणून करते, असा त्यांचा चेहरा होता. शेडच्या मध्ये जाळी घालून आम्ही दोन भाग केले. एका बाजूला नेहमीचं मक्याचं खाद्य, दुसऱ्या बाजूला अर्धा मका काढून ज्वारी घातलेलं.

काही आठवडे गेले आणि एका दुपारी आत्यांचा फोन आला.

"म्याडम, ये काय खाद्य हाय? अंडा फोरला तं आत बलक हाय का नाय तेच दिसत नाय!"

मी गेले. त्यांनी माझ्यासमोर दोन वाट्यांत दोन अंडी फोडली. एकीत केशरी-पिवळा बलक. दुसरीत लिंबाच्या सरबतासारखा फिका, कडेच्या पांढऱ्यात मिसळून गेलेला.

"टॉवरमधली एक बाई काय बोल्ली ठावं हाय? आत्या, तुमी पन मशिनची अंडी इकाला लागल्या का? मना!" त्यांनी वाटी आपटून ठेवली. "आनि अंडी पन कमी झाली. ज्वारीवाल्या बाजूची."

अंडी खरंच कमी झाली होती, फार नाही, पण रोज टोपलीत कळावं इतकी. हे मला अपेक्षित होतं. पण अपेक्षित होतं म्हणून ज्या बाईच्या दारात गिऱ्हाईक येऊन बोललं तिला त्याचा काय उपयोग? मी आत्यांना म्हटलं, "मला थोडे दिवस द्या. यातलं बरंचसं सुधारता येतं."

"तुमी सुधारा. मंग आना," त्या म्हणाल्या, पण जाळी काढून टाका असं म्हणाल्या नाहीत.

मग मी एकेक गोष्ट घेतली. रंगाचं काम सगळ्यांत सोपं. वाळवलेल्या झेंडूच्या पाकळ्यांचा चुरा खाद्यात घातला की बलकाला रंग येतो. मिलने तो मागवला. तोवर आत्यांनीच देवळातला उतरवलेला झेंडू पत्र्यावर वाळवून कुस्करला. ज्वारीत कमी असलेले प्रथिनांचे घटक मी वेगळे घातले. दळणाच्या यंत्राची जाळी बदलली, कारण ज्वारीचा दाणा बारीक. जुन्या जाळीतून तो अख्खाच निसटत होता. पचनाला मदत करणारं एन्झाइम घातलं. अंडी थोडी सावरली. पण दाण्यातली ती चिवट जाळी आणखी सैल करायचा एक जुना मार्ग मला माहीत होता आणि तो मिलमध्ये कधी करून बघितला नव्हता: दाण्याला मोड आणायचे. मोड येताना दाणा स्वतःच आपलं कोठार उघडतो. कोंबाला अन्न पुरवायला आतली जाळी सुटते, टॅनिन कमी होतं, बांधून ठेवलेलं फॉस्फरस मोकळं होतं. फक्त पांढरा कोंब डोकावला की लगेच थांबवून वाळवायचं. त्यापुढे वाढू द्यायचं नाही.

हे मी रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला सांगत होते. भिजवायला आणि वाळवायला मिलमध्ये कुणाला वेळ नव्हता आणि जागाही. सासूबाई भाकरी मोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भिजवायची हाय तर मला सांग की. मी काय करती दिवसभर?"

दुसऱ्या दिवशी मी गोणीभर ज्वारी घरी आणली.

पहिला घाणा साफ बिघडला. सासूबाईंनी ज्वारी रात्रभर भिजवली, उपसली, गोणपाटात बांधली आणि दार लावून आतल्या खोलीत ठेवली, तिकडे ठेवायच्या तशी. तिकडची हवा कोरडी. इथे खाडीची. दोन दिवसांनी गोणपाट सोडलं तर घरभर ताडीसारखा आंबूस वास, आणि मधोमध राखाडी बुरशी. मी बुरशी बघताक्षणी सांगितलं की हे सगळं फेकावं लागेल, बुरशीचं विष कोंबड्यांना बाधतं. सासूबाई बुरशीकडे बघत उभ्या राहिल्या.

"धान्य फेकायचं?"

"हो, आई."

त्यांनी स्वतःच ते काळ्या पिशवीत भरलं. त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. मला वाटलं हे इथेच संपलं. पण सकाळी मी उठले तेव्हा त्या ओट्याशी नवी ज्वारी निवडत बसल्या होत्या.

"किती जाड थर ठेवायचा सांग," त्या म्हणाल्या. "इथलं इथल्यासारखं करायला पायजे."

मग आम्ही दोघींनी मिळून ते बसवलं. थर पातळ, पंखा सुरू, सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं, दाणे हाताने वरखाली करायचे. एका संध्याकाळी घरी आले तर सासूबाईंनी दारातच माझा हात धरून मला आत नेलं. ओल्या पंचाखाली दाण्यादाण्यातून पांढरं टोक बाहेर आलं होतं, तांदळाच्या कणीएवढं. "आता थांबवायचं ना?" त्यांनी विचारलं. माझा हात अजून त्यांच्या हातातच होता.

वाळवायला गच्ची होती. जुन्या साड्या पसरून त्यावर आम्ही मोडाची ज्वारी पातळ घातली. तासाभरात कळंबोली ते पनवेल जेवढी म्हणून कबुतरं आहेत तेवढी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर उतरली. सासूबाई काठी घेऊन ऊन डोक्यावर येईपर्यंत बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी वर आले.

"वहिनी, टेरेस कॉमन आहे. सोलरच्या पॅनलवर बघा कबुतरांनी काय करून ठेवलंय. उद्या मीटिंगमध्ये मला ऐकावं लागणार."

त्यांचं चूक नव्हतं. मी माफी मागितली आणि गोळा करायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "ज्यांच्या कोंबड्या, त्यांच्या दारात का वाळवत न्हाई आपण?"

अशा त्या पहिल्यांदा आत्यांच्या शेडवर गेल्या.

दोघींचं एकमेकींशी जमायला वेळ लागला. निम्मं बोलणं एकीचं दुसरीला कळत नव्हतं. आत्या भरभर बोलायच्या, सासूबाई एक वाक्य बोलून थांबायच्या. शेडच्या बाजूला पत्र्याच्या सावलीत पंखा लावून, मच्छरदाणीच्या कापडाच्या चौकटी करून वाळवणाची सोय झाली. सुरुवातीला सासूबाई ज्वारीपाशी बसत आणि आत्या कोंबड्यांपाशी, मध्ये दहा पावलांचं अंतर. एका दुपारी मी लवकर सुटून त्यांना न्यायला गेले, तर दोघी एकाच चटईवर बसून जेवत होत्या. सासूबाईंचा डबा आत्यांच्या पुढ्यात, आत्यांची तांदळाची भाकरी सासूबाईंच्या हातात.

"मी जल्मात पयल्यांदा ज्वारीची भाकरी खाल्ली," आत्या मला म्हणाल्या. "घशाखाली जाताना घासते."

"आन् ही हातात धरली की मोडती," सासूबाई म्हणाल्या. "लेकराला दिल्यागत."

दोघींनीही एकमेकींची भाकरी संपवली होती.

पावसाळा आला, ओसरायला लागला. मोडाची ज्वारी वाळवून, हाताने चोळून कोंब झाडून, मग भरडून मी खाद्यात मिसळायची. कोंबड्या ती आधी वेचून खायच्या. हळूहळू ज्वारीच्या बाजूची टोपली मक्याच्या बाजूच्या टोपलीइतकी भरायला लागली. झेंडूने बलक पिवळा झाला होता. टॉवरमधल्या त्या बाईने परत एकदा चौकशी केली, तेव्हा आत्यांनी तिला शेडमध्ये नेऊन ज्वारी दाखवली. "आमच्या कोंबऱ्या मोड खातान, तुमी जिममधी खाता तसं," असं तिला सांगितलं म्हणे.

भाद्रपदात सासऱ्यांचं वर्षश्राद्ध आलं. सासूबाई आणि माझा नवरा गावी गेले. मिलमध्ये त्या दिवसांत नव्या मालाची गर्दी होती म्हणून मला श्राद्धाच्या दिवसापुरतंच जाऊन परत यावं लागलं. सासूबाई तिकडे आणखी काही दिवस राहणार होत्या. निरोप घेताना त्या परत येतील की नाही हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, "आत्याबाईला सांग, एक घाणा भिजवून ठेव."

मी सांगितलं. कोंब डोकावला की थांबवा, हेही सांगितलं. ते त्यांना माहीतच होतं. त्यानंतर दोन-तीन दिवस मी मिलमध्ये अडकले.

एका सकाळी मोबाइलवर आत्यांनी पाठवलेला फोटो आला. ट्रेमध्ये बोटभर उंचीचं हिरवंगार गवत. खाली त्यांचा आवाज: "बाय, बघ! काय हिरवागार केलाय! तुज्या सासूला दाखव."

मी हातातलं काम टाकून उठले. ज्वारीच्या कोवळ्या हिरव्या पात्यात विष असतं. पुढे पीक मोठं झालं की ते कमी होतं, पण त्या वयात ते कोंबडीच काय, जनावरालाही मारतं. मी फोन लावला. उचलला गेला नाही. परत लावला. शेठना सांगितलं आणि त्यांच्याच गाडीतून आम्ही निघालो. वाटेत पशुवैद्यांना फोन केला. ते म्हणाले, आधी समोरचं सगळं काढून घ्या, हवा मोकळी करा, मी येतोच.

आत्या शेडमध्येच होत्या. फोन घरात होता. ट्रे रिकामा होता.

"दिला मी. एका बाजूला," त्या म्हणाल्या, आणि माझा चेहरा बघून थांबल्या. "काय झाला?"

जाळीपलीकडे काही कोंबड्या चोच उघडून मान ताणत उभ्या होत्या. एक आडवी पडली होती. आम्ही तिघांनी मिळून तुसावरची हिरवी पाती हाताने वेचून काढली, बाजूचे पडदे वर गुंडाळले, पंखे आत ओढले. शेठ शर्टाच्या बाह्या सरसावून गुडघ्यावर बसून पाती वेचत होते. आत्या एकेक कोंबडी उचलून वाऱ्याला नेऊन ठेवत होत्या. पशुवैद्य येईपर्यंत दोन गेल्या होत्या. बाकीच्या तासाभरात सावरल्या, पाण्याकडे गेल्या. ते म्हणाले, थोडक्यात निभावलं.

ते गेल्यावर आत्या पायरीवर बसल्या.

"मना वाटला, कोंब चांगला तं हिरवा आनखी चांगला. कोंबरीला हिरवा आवरतो." मग म्हणाल्या, "ने तुजी ज्वारी. नको मना."

मी काही समजावलं नाही. ती वेळ नव्हती. गोण्या गाडीत घातल्या. परतताना शेठ म्हणाले, "म्याडम, मोडाचा सोरून द्या. एन्झाइमवर भागतंय ना? बस झाला." माझ्या मनातही तेच होतं. मिलच्या प्रमाणात मोड आणणं तसंही जमणारं नव्हतं, हे मला एव्हाना कळून चुकलं होतं. एवढा माल भिजवायचा कुठे, वाळवायचा कुठे. शेडवरचं काम चाललं होतं ते दोन बायकांच्या हौसेवर.

त्या रविवारी नवरा सासूबाईंना घेऊन परत आला. त्या आल्या याचा मला इतका आनंद झाला की त्याचं मलाच नवल वाटलं. चहा दिला आणि जे झालं ते सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. कप बशीत ठेवला.

"किती गेल्या?"

"दोन."

"आत्याबाई कशी हाय?"

"बोलत नाहीत. फोन उचलत नाहीत."

सकाळी मी मिलला निघाले तेव्हा त्या चपला घालून दारात उभ्या होत्या. "मला सोड तिकडं. तू पण थांब थोडा वेळ."

आत्या अंगणात अंडी पुसत होत्या. आम्हाला बघून उठल्या नाहीत. सासूबाई त्यांच्या शेजारी खाली बसल्या, टोपलीतलं एक अंडं घेऊन फडक्याने पुसायला लागल्या. बराच वेळ दोघी अंडी पुसत राहिल्या. मग सासूबाई बोलायला लागल्या. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"माझं नवं नवं लगीन झालं हुतं. घरात एक गाय हुती, तांबडी. पावसानं ताण दिलेला, ज्वारी वीतभर येऊन थांबलेली. एक दिवस दाव्याचा पीळ सुटला आन् गाय शेतात शिरली. मी पाणी घेऊन येत हुते. लांबनं बघितलं, मला वाटलं खाईल दोन घास, काय हुतंय. जवळ जाईस्तवर ती खाली बसली हुती. सासरा पळत आला, गावातनं माणसं आली. उपेग झाला न्हाई. डोळ्यादेखत गेली." त्यांनी अंडं टोपलीत ठेवलं. "मी आठ दिवस त्या शेताकडं बघितलं न्हाई. सासरा म्हणला, पोरी, ज्वारीचं काय चुकलं? ज्वारी कोवळी हुती. ती मोठी हुईल आन् तूच तिची भाकर करशील."

"मंग?" आत्यांनी विचारलं.

"मंग काय. केली भाकर."

आत्यांनी हातातलं फडकं झटकलं. मग म्हणाल्या, "आमच्या शेतात खाडीचा पानी घुसायचा. बांध फुटला की उभा भात खारा व्हायचा. माजी सास दुसऱ्या दिसाला बांधावर. मी रराची, ती माती टाकाची."

"रडायचं की थोडं," सासूबाई म्हणाल्या.

त्यावर आत्या खरंच रडल्या, तोंडावर पदर घेऊन. सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी उठून शेडकडे गेले आणि उगाचच पाण्याची भांडी तपासत राहिले.

दुपारी त्यांनी मला फोन केला, दोघींनी एकाच फोनवरून. "गोनी परत आन," आत्या म्हणाल्या. मागून सासूबाईंचा आवाज आला, "आन् ह्या आत्याबाईला सांग, मी नसताना भिजवायचं न्हाई."

तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस सासूबाई शेडवर जातात. रिक्षावाला त्यांना ओळखतो, नेमक्या वेळेला खाली येऊन हॉर्न देतो. कोंब डोकावला की ट्रे हलतो, त्या बाबतीत आत्यांवर त्यांची नजर असते आणि आत्याही आता लांबूनच ओरडून दाखवतात, "सोलापूरवाली, ये बघ, थांबवला!" मिलच्या खाद्यात आम्ही पांढरी ज्वारी कायम केली, मक्याचा काही भाग काढून, एन्झाइम आणि झेंडू घालून ती बरी चालते. लाल ज्वारी अजून मी घेऊ देत नाही. व्यापारी दर हंगामात एकदा तरी लाल माल पांढऱ्यात मिसळून पाठवतात आणि मी दर वेळी ब्लीचमध्ये दाणे टाकून परत पाठवते. शेठ म्हणतात, "म्याडमच्या बाटलीला समदे घाबरतान."

मध्यंतरी नवऱ्याने जेवताना आईला विचारलं, गावी कधी सोडू म्हणून. चुलतदिरांचा फोन आला होता, घर उघडून बघायला हवं होतं. सासूबाईंनी थोडा विचार केला. म्हणाल्या, "जाऊन येऊ दोन दिवस. आत्याबाईला पण घेऊन जाऊ. तिनं उभी ज्वारी बघितलेलीच न्हाई."

माघात आम्ही चौघं गेलो. आत्यांना प्रवासात गाडी लागली, त्यामुळे घाटात दोनदा थांबावं लागलं. गावाबाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रब्बीची ज्वारी उभी होती, कणसं भरलेली, माणसाच्या डोक्यावर गेलेली. आत्या गाडीतून उतरल्या आणि बांधावर उभ्या राहून कितीतरी वेळ बघत राहिल्या. आमच्या शेजारच्या शेतात हुरडा भाजत होते. सासूबाईंनी हाक मारून कोवळे दाणे मागून आणले, गरम गरमच आत्यांच्या ओंजळीत घातले.

"हा खायचा व्हय?" आत्यांनी माझ्याकडे बघून, जरा भीतच विचारलं.

"दाणा आहे, पानं नाहीत. खा," मी म्हटलं.

त्यांनी एक दाणा तोंडात टाकला, मग मूठभर. सासूबाई शेजारी उभ्या राहून हुरड्यातली कुसळं फुंकत होत्या.